आउटबॅकच्या सफरीत दोघांनी काय वाटून घ्यावे आणि काय घेऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लडाख झाले, स्पिती झाले, ईशान्य भारत झाला की महाराष्ट्रातल्या बाईकस्वारांच्या तोंडी पुढचे नाव ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकचे, म्हणजे तिथल्या आतल्या विरळ वस्तीच्या मुलखाचे येते. दोघा मित्रांनी दोन गाड्या भाड्याने घ्यायच्या आणि ॲडलेडहून उत्तरेला सुटायचे, असा साधारण बेत असतो. अशा सफरींवर मराठी वर्तमानपत्रांत येणारे लेख वाचनीय असतात, पण लाल माती आणि सूर्यास्त यांतच जागा संपते. दोन पंपांमधले अंतर त्यांत सापडत नाही. शिवाय मित्र बरोबर असला की निम्मी काळजी मिटली, असा एक सूर असतो. तो धोक्याचा आहे, म्हणून हे पत्र.

मातीच्या रस्त्यावर दोन गाड्या जवळजवळ चालूच शकत नाहीत. पुढच्या गाडीने उडवलेल्या धुळीत मागच्याला खड्डा दिसत नाही, आणि तीच धूळ त्याच्या एअर फिल्टरमध्ये बसते. म्हणून दोघांत एक-दोन किलोमीटरचे अंतर राहते. वारा पडलेला असला तर त्याहून जास्त. म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ प्रत्येक जण एकटाच असतो. सामान बांधताना प्रश्न एवढाच विचारावा: मी आत्ता पडलो आणि मित्र तासाभराने पोहोचला, तर माझ्या अंगावर आणि माझ्या गाडीवर काय हवे? पाणी, पेट्रोल, संकटसंदेश देणारा बीकन, बँडेज आणि नकाशा ही प्रत्येकाची स्वतंत्र हवीत. तंबू, स्टोव्ह, हवा भरायचा पंप, पाने, सुटे भाग यांचा एकेक संच दोघांना पुरतो.

त्यातही पाने आणि पंक्चरचे सामान मागच्या गाडीवर ठेवावे. पुढचा बंद पडला तर मागचा हत्यारांसह त्याच्यापाशी आपोआप पोहोचतो. मागचा बंद पडला तर सामान त्याच्याजवळच असते. उलट केले तर मागचा पंक्चर होऊन बसतो आणि टायर काढायच्या पट्ट्या चाळीस किलोमीटर पुढे निघून जातात. दिवसात क्रम बदलायचा असेल तर ती पिशवीही बदलावी. पुढच्याने दर पंधरा मिनिटांनी, आणि प्रत्येक फाट्यावर व ओढ्याच्या उतारावर, मागचा हेडलाइट दिसेपर्यंत थांबावे. दहा मिनिटांत दिसला नाही तर परत फिरावे, पण हळू, आपली डावी बाजू धरून आणि दिवा लावून; कारण मागचा त्याच धुळीतून समोरून येत असू शकतो.

सुरुवातीच्या सफरीला उडनाडाटा ट्रॅक योग्य आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारी ते मार्ला हा सुमारे ६२० किलोमीटरचा मातीचा रस्ता. मारी ते विल्यम क्रीक सुमारे २०५, तिथून उडनाडाटा गाव तेवढेच, पुढे मार्ला सुमारे २१० किलोमीटर; आणि या चारही ठिकाणी पेट्रोल मिळते. रस्ता असा मधूनच का गेला याला कारण पाण्याचे आहे. ग्रेट आर्टेशियन या भूगर्भातल्या खोऱ्याचे पाणी इथे झऱ्यांच्या रूपाने वर येते, आदिवासींच्या देवाणघेवाणीच्या वाटा त्या झऱ्यांवरून जात, १८५९ मध्ये जॉन मॅक्डॉल स्टुअर्ट त्याच ओळीने उत्तरेला गेला, १८७२ मध्ये पूर्ण झालेली तारयंत्राची लाइन आणि पुढे घान रेल्वे त्याच बाजूने गेली. जुनी रेल्वे १९८० मध्ये बंद झाली. अल्जेबकिना येथे नील्स नदीवरचा तिचा लांबलचक लोखंडी पूल अजून उभा आहे. मारीत उंटवाल्यांची वस्ती होती. त्यांचे पहिले मोठे उंट-काफिले १८६० च्या दशकात कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून, आले होते.

मारीहूनच ईशान्येला बर्ड्सव्हिल ट्रॅक निघतो. लांबी ५१७ किलोमीटर. मधला एकमेव पंप मंगेरॅनीला, आणि तिथून बर्ड्सव्हिलपर्यंत ३१३ किलोमीटर काहीही नाही. पेट्रोलचा हिशेब या टप्प्यावर करावा. डांबरी रस्त्यावर लिटरला पंचवीस-तीस किलोमीटर देणारी गाडी सामान लादून, समोरच्या वाऱ्यात, मऊ मातीतून रेटली की अठरावर येते. ३१३ भागिले १८ म्हणजे साडेसतरा लिटर. त्यावर वीस टक्के राखीव धरले की एकवीस. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० च्या टाकीत १७ लिटर मावतात, म्हणजे वर चार-पाच लिटर न्यावे लागतात. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरच्या आधीच्या मॉडेलची टाकी १४.५ लिटरची आहे. तिला सहा-सात लिटर जादा लागतील. ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षे या कामासाठी वापरली गेलेली सुझुकी डीआर ६५० मूळ टाकीवर याहूनही उणी पडते, म्हणून तिच्यावर वीस ते तीस लिटरची प्लास्टिकची टाकी बसवलेली दिसते. जादा पेट्रोल इंधनासाठीच बनवलेल्या डब्यात किंवा पिशवीत न्यावे, आणि टाकीत जागा झाली की लगेच ओतून टाकावे. मागे उंचावर बांधलेले पाच लिटर वाळूत गाडीचा तोल बिघडवतात.

पुढे रस्ता बंद निघाला तर अडीचशे किलोमीटर परत फिरण्याइतके पेट्रोल कोणी नेत नाही. म्हणून निघण्याआधी रस्त्याची स्थिती पाहणे हा याच हिशेबाचा भाग. मारी आणि लिंडहर्स्ट येथे कोणता रस्ता उघडा, कोणता बंद हे दाखवणारे मोठे फलक असतात आणि राज्य सरकार ही माहिती रोज प्रसिद्ध करते. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो, आणि तो योग्यच आहे, कारण ओल्या रस्त्यात पडलेली चाकोरी वाळली की पुढे महिनोन्‌महिने सगळ्यांना छळते. आणखी एक गोष्ट पेट्रोलचीच. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अनेक पंपांवर साध्या ९१ ऑक्टेनच्या जागी नशा आणणारे ॲरोमॅटिक घटक कमी असलेले, ‘ओपल’ या नावाने ओळखले जाणारे पेट्रोल मिळते. वस्त्यांमधली पेट्रोल हुंगण्याची सवय मोडावी म्हणून २००५ च्या सुमारास ते आले. इंजिनाला त्याचा त्रास नाही. मात्र ज्या गाडीला ९५ ऑक्टेन सांगितले आहे तिला ते सगळीकडे मिळेल असे धरू नये.

दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या घ्याव्यात. एक क्लच वायर, एक लिव्हरचा जोड, एक फिल्टर, चेनची एक जोडकडी दोघांना लागू पडते. पल्ला सारखा असल्याने पेट्रोलवरून कुरबूर होत नाही. आणि वेळ आलीच तर एका गाडीचा भाग काढून दुसरी चालू ठेवता येते. एकाने बाराशे सीसीची आणि दुसऱ्याने चारशेची घेतली तर यातले काहीच उरत नाही. शिवाय अडीचशे किलोची मोठी गाडी वाळूत आडवी झाली की दोघांचाही दम निघतो. आउटबॅकसाठी मोठे इंजिन लागते ही समजूत हायवेवरून आलेली आहे.

आता टायर. या सफरीत सर्वाधिक वेळ त्यांच्यावरच जातो. सामानासह कच्च्या रस्त्यावर पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी. लांब पट्ट्याची मऊ वाळू आली तर १८ पर्यंत उतरवावी, पण वाळू संपताच पुन्हा भरावी. गिबर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाळवंटातल्या धारदार सुट्या दगडांवर कमी हवेने गेले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि तिला सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. ट्यूबच्या चाकात हवा फारच कमी केली तर टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढत नेतो आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. त्या ट्यूबला ठिगळ लागत नाही. म्हणून व्हॉल्व्हवरचा नट रिमला घट्ट न बसवता वर टोपीला भिडवून ठेवावा. व्हॉल्व्ह तिरका दिसू लागला की टायर सरकतोय हे वेळीच कळते. सुट्या ट्यूबा दोन तरी हव्यात. जागा कमी असेल तर दोन्ही २१ इंची, म्हणजे पुढच्या चाकाच्या, घ्याव्यात. अडचणीत ती ट्यूब मागच्या १७ किंवा १८ इंची चाकात घडी पडूनही पुढच्या गावापर्यंत चालते. मागची ट्यूब पुढे चालत नाही.

टायरची कड रिमवरून सोडवणे हे एकट्याला सर्वांत अवघड काम. दोन गाड्यांचा खरा फायदा इथे आहे. काढलेले चाक जमिनीवर आडवे ठेवायचे, दुसऱ्या गाडीच्या साइड स्टँडचे टोक रिमलगत टायरवर टेकवायचे आणि ती गाडी त्या बाजूला कलवायची. तिच्या वजनाने कड सुटते. परत बसवताना साबणाचे पाणी लावावे, पण त्यासाठी पिण्याचे पाणी चमचाभरच वापरावे. ट्यूब आत घालण्याआधी थोडी हवा भरून गोल करावी, आणि टायरच्या आत हात फिरवून काटा किंवा तार राहिली नाही ना ते पाहावे. घाईत ही पायरी सुटते आणि दहा किलोमीटरवर नवी ट्यूबही पंक्चर होते.

रस्त्यावरच्या आडव्या लाटा हे दुसरे दुखणे. हळू गेले तर सगळे खिळखिळे होते, वेगाने गेले तर चाके लाटांच्या माथ्यावरून तरंगतात. हादरे कमी होतात, पण ब्रेक लागत नाही. सत्तरच्या आसपास बहुतेक गाड्यांना सुसह्य वेग सापडतो. निघण्याआधी कॅरिअर, सायलेन्सर, नंबरप्लेट आणि आरसे यांच्या बोल्टना मध्यम ताकदीचे निळे थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावून वर रंगाची रेघ मारावी. संध्याकाळी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट ढिला झाला. रोज मुक्कामाला आल्यावर आऱ्यांवर पाना वाजवत जावे. जो बद्द वाजतो तो ढिला. बॅटरीचे टर्मिनल तपासावे, कारण गाडी अचानक पूर्ण बंद पडली तर निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. ॲल्युमिनियमच्या पेट्यांपेक्षा मऊ पिशव्या बऱ्या. पेट्यांच्या वजनाने कॅरिअर वेल्डिंगपाशी तडकते, आणि वाळूत पाय टेकताना तो पेटीखाली सापडून नडगी मोडते.

फुफाट्यातल्या धुळीचे कण पिठाहून बारीक असतात आणि ती खड्डा वरून सपाट दाखवते. रंग बदललेला, गुळगुळीत पट्टा दिसला की आधीच वेग कमी करावा. आत शिरल्यावर मात्र थ्रॉटल सोडू नये. उभे राहून वजन किंचित मागे, नजर लांब, हँडल सैल, गिअर दुसरा किंवा तिसरा. थ्रॉटल मिटले की पुढचे चाक रुतते आणि गाडी झोपते. गाडी रुतली तर क्लचवर रेस करून काढायचा मोह होतो. लादलेल्या गाडीच्या क्लच प्लेट दहा मिनिटांत जळतात आणि त्या कुठल्याच रोडहाउसमध्ये मिळत नाहीत. इंजिन बंद करावे, सामान उतरवावे, दोघांनी गाडी बाजूवर आडवी करावी, चाकाखालचा चर मातीने बुजवून मग उभी करावी. फोमचा फिल्टर तेल लावून बंद पिशवीत तयार ठेवला की वाटेत नुसती अदलाबदल होते. चेनला फुफाट्यात भरपूर वंगण लावू नये. त्याची धुळीबरोबर कानस बनते.

गाडी ओढून न्यायची झाली तर पट्टा बांधायचा नाही. पुढच्या गाडीच्या डाव्या फूटपेगपासून मागच्याच्या उजव्या फूटपेगपर्यंत तो नेऊन, मागच्याने पेगला एक वेढा देऊन बुटाखाली दाबून धरायचा. पाय उचलला की पट्टा सुटतो. वाळूत हा प्रयोग करू नये.

पाऊस फार लागत नाही. दहा मिलिमीटरनेही ट्रॅक बंद होतो. तिथली चिकणमाती मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखी चाकाला धरते, मडगार्डमध्ये भरते आणि पुढचे चाक फिरायचेच थांबते. उंच मडगार्डची गाडी थोडी जास्त तग धरते इतकेच. म्हणून तीन दिवसांचे जादा अन्न आणि वेळापत्रकात दोन-तीन मोकळे दिवस हवेत. परतीचे विमान सफरीच्या दुसऱ्याच दिवशी ठेवणारे लोक बंद रस्त्यावर गाडी घालतात.

पाणी माणशी दहा लिटर, तेही उडनाडाटा ट्रॅकवर वस्त्या दोनशे किलोमीटरवर आहेत म्हणून. तीन लिटर पाठीवरच्या पिशवीत, उरलेले दोन-तीन वेगळ्या पिशव्यांत. एक फाटली तर सगळे वाया जात नाही. बोअरचे पाणी बरेचदा खारट असते आणि साध्या फिल्टरने खारटपणा जात नाही. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत जाऊ नये. १९६३ च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर अडकलेले पाच जणांचे एक कुटुंब मोटार सोडून निघाले आणि पाचही जण दगावले. विमानातून उभी गाडी दिसते, माणूस दिसत नाही. हे दोघांनाही लागू: एक जण मदत आणायला जाणार असेल तर चालत्या गाडीवरून, रस्त्यानेच, आणि दुसऱ्याकडे पाणी व सावलीचे कापड ठेवून.

बीकन ४०६ मेगाहर्ट्‌झचा, जीपीएस असलेला, ऑस्ट्रेलियातील सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदवलेला असावा. नोंदणी मोफत असते. तो जॅकेटच्या खिशात ठेवावा. गाडीवरच्या पिशवीत ठेवला आणि गाडी वीस फूट खाली घरंगळली, तर मोडलेल्या पायाने तिथपर्यंत जाता येत नाही. जवळ ५ वॉटचा यूएचएफ रेडिओचा हातसंच असावा. ट्रकवाले ४० क्रमांकाच्या चॅनेलवर बोलतात, ५ आणि ३५ संकटासाठी राखीव आहेत. रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, ५३.५ मीटरपर्यंत लांब असते. मातीच्या रस्त्यावर ती समोरून आली तर डावीकडे पूर्ण थांबावे आणि धूळ बसल्याशिवाय हलू नये. तिला मागून ओलांडायचे तर आधी रेडिओवर विचारावे.

सर्पदंशाबाबत आपल्याकडची सवय घेऊन जाऊ नये. ऑस्ट्रेलियातले विषारी साप मुख्यतः नाग-मण्याराच्या कुळातले. तिथे दंशाची जागा धुवायची नाही, कापायची नाही. दहा सेंटीमीटर रुंदीचे लवचीक बँडेज पूर्ण हाता-पायाला घट्ट गुंडाळायचे, फळी बांधायची आणि माणसाला जागचे हलू द्यायचे नाही. प्रत्येकाकडे अशी दोन बँडेजे हवीत. घोणस-फुरशासाठी मात्र हा उपाय नव्हे.

हंगाम मे ते सप्टेंबर. आपल्या उन्हाळी सुट्टीची अखेर त्यात बसते. दिवाळीची सुट्टी उशिराची, आणि नाताळची तर अजिबात नको. उडनाडाटा गावात २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअसची नोंद आहे. सिम्प्सन वाळवंट तर १ डिसेंबर ते १५ मार्च बंदच असते. अकराशेहून अधिक वाळूच्या टेकड्या, आणि माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल मध्ये एकही पंप नाही. पहिल्या सफरीत तिकडे फिरकू नये. जून-जुलैत रात्री पारा शून्याजवळ जातो, तेव्हा झोपण्याची पिशवी लडाखला नेता तीच चालेल. पहाटे आणि संध्याकाळी कांगारू व गुरे रस्त्यावर येतात. चारला मुक्काम गाठावा.

कागदपत्रांचे थोडे. परवान्यावर गिअरच्या मोटारसायकलची नोंद हवी, आणि आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याला मनाई नाही ना, हे ओळ न्‌ ओळ वाचावे. बहुतेक सफरी कागदावर इथेच बेकायदा होतात. प्रवास विम्यात किती सीसीपर्यंतची दुचाकी चालते आणि हवाई रुग्णवाहिकेचा खर्च आहे का, ते पाहावे, कारण भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही. फक्त आयएसआय शिक्का असलेले हेल्मेट तिथे चालत नाही, तिथल्या एएस/एनझेडएस १६९८ किंवा ईसीई २२.०५ वा २२.०६ या मानकाचे लागते. बुटांना सह्याद्रीचा चिखल असेल तर घरीच घासून काढावा आणि विमानतळावरच्या फॉर्मवर बूट जाहीर करावेत. माती सापडली आणि सांगितले नसेल तर दंड होतो.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र मात्र भारतातून नेऊ नये आणि येताना आणूही नये. परवानगीशिवाय ते बाळगणे इथे गुन्हा आहे, आणि गोव्याच्या दाबोळी विमानतळावर २०२४ मध्ये परदेशी पर्यटकांवर त्यावरून कारवाई झालेली आहे. ऑस्ट्रेलियात ते भाड्याने मिळते. तिथेच घ्यावे, तिथेच परत करावे.

आपला,
एक वाचक, ॲडलेड